गुणाबाईंचा डबा आणि उपासाचा शुक्रवार

मी चार पुडांचा स्टीलचा डबा. डबा कसा काय बोलतो, असं विचारू नका. ज्याच्या पोटात एकवीस वर्षं आमटी हिंदकळली, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी साठतंच.

माझी मालकीण गुणाबाई. लातुरात डाळमिलच्या मागच्या गल्लीत घर, मिलमध्ये डाळ निवडायचं काम. रविवारी नवरा शेषेराव यांच्यासोबत चर्चमध्ये उपासनेला जायच्या आणि बायकांच्या बाजूला शेवटच्या ओळीत बसायच्या. गाता येत नव्हतं. चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की शेजारणीला पुढे करायच्या.

एका रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, कृपादानांवर उपदेश केला: देव प्रत्येकाला काही ना काही देणगी देतो. कुणाला शिकवण्याचं दान, कुणाला गाण्याचं, कुणाला सेवेचं. घरी आल्यावर भाकरी थापता थापता गुणाबाई म्हणाल्या, "मला तर कायबी देलं न्हाई देवानं."

शेषेराव जेवत होते. म्हणाले, "मंग ही भाकर कुणी देली?"

त्याच आठवड्यात भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी मला घेतलं. दुकानदारानं कर्रर्र करत माझ्या अंगावर त्यांचं नाव कोरलं. गुदगुल्या झाल्या म्हणालो तर खोटं होईल, चांगलंच दुखलं.

दुसऱ्या दिवसापासून आमची फेरी सुरू झाली ती सरकारी दवाखान्यात. अहमदपूर, निलंगा, कुठून कुठून पेशंट येतात. पेशंटला जेवण मिळतं, सोबतची माणसं मात्र बिस्किटावर दिवस काढतात. गुणाबाई कुणाची जात विचारत नसत, धर्म विचारत नसत. "जेवलाव का?" एवढंच विचारायच्या आणि माझी कडी काढायच्या. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून लोक माझ्यात एखादं लिंबू, मूठभर शेंगा टाकायचे. गुणाबाई ते तिथल्या तिथे काढून ठेवायच्या. "मी देनारी हाय, घेनारी न्हाई," म्हणायच्या. त्यात थोडा ताठा होता, हे आज कबूल करतो. तेव्हा मलाही तो फार आवडायचा.

गेल्या वर्षी मिलच्या पायरीवरून त्या पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तीन महिने खाटेवर राहायला सांगितलं आणि मी फळीवर पालथा पडलो. सुरुवातीला शेजारणी, चर्चच्या मंडळीतल्या बायका काही ना काही घेऊन येत. गुणाबाई झाकलेलं ताट तसंच परत पाठवायच्या, "आमचं झालंय की जेवन." कुणी किती दिवस आग्रह करणार? आणणारे थांबले. शेषेरावांना चहाशिवाय काही करता येत नाही. नवरा-बायको चहा आणि टोस्टवर आले. भिंतीकडे तोंड करून गुणाबाई म्हणायच्या, "देवानं माझं दान काढून घेतलं."

मंडळीला त्यांची काळजी होतीच. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, शुक्रवारी उपास धरायचा आणि गुणाबाईंच्या घरी दुपारपर्यंत प्रार्थना करायची. सकाळी नऊला पंचवीस माणसं त्या दोन खोल्यांत मावली. गाणी झाली, देवानं आपल्यासाठी काय केलं याच्या साक्षी झाल्या, एकेकानं हाडासाठी डोळ्यांतून पाणी काढून विनवणी केली. माणसं मनापासून आली होती, यात शंका नाही. पण सगळेच उपाशी, त्यामुळे खायचं आणावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! मी फळीवरून बघत होतो. जेवल्यानंतर घ्यायच्या गोळ्या उशाशी तशाच पडलेल्या. रागानं माझी झाकणं वाजायची तेवढी राहिली होती.

दुपारी दोन वाजता पाळकसाहेबांनी विचारलं, "गुणाबाई, आता शेवटची प्रार्थना. आणखी कशासाठी मागू?"

गुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होत्या. इतक्या वर्षांत इतकं जड काही मी त्यांना उचलताना पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "पायाचं ऱ्हाऊ द्या, साहेब. मला भूक लागली. कालपासून आमी दोघंबी नुसत्या च्यावर हाव."

शेषेरावांनी तोंडाला टॉवेल लावला. पाळकसाहेबांनी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. "मावशी, चूक आमची झाली," म्हणाले.

दाराजवळ पुनम बसली होती. देगलूरकडून लग्न होऊन आलेली ही मुलगी. दोन वर्षांत मंडळीत 'आमेन'पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती उठली, मला फळीवरून काढलं आणि एक शब्द न बोलता बाहेर पडली. अर्ध्या तासात मी परत आलो, तेव्हा पोटात गरम पिठलं आणि चार भाकरी होत्या. पहिला घास तोंडात गेला आणि गुणाबाई लहान लेकरासारख्या रडल्या.

"मावशी, चुकलं का काही?" पुनम घाबरून म्हणाली.

"मीठ लई झालंय," गुणाबाई म्हणाल्या. "वाढ आनखी."

आता गुणाबाईंचा पाय कायमचा लंगडा आहे. मिल सुटली. मला पुनम उचलते, त्या काठी टेकत मागून येतात. वॉर्डाच्या व्हरांड्यात आधी त्या नुसतं वाढायच्या आणि उभ्या राहायच्या. आता खाली बसून त्या माणसांसोबत चतकोर भाकरी खातात. परवा कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "देवानं दान काढलं न्हाई, बाई. माझ्या एकटीच्या मुठीत होतं, ते सोडिवलं."

मीही म्हातारा झालोय. तळाला पोचे आहेत, कडी सुतळीनं बांधलीय. मला हात असते तर तुमच्यापुढे जोडले असते, एकच मागणं आहे: आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाल तेव्हा आधी त्याच्या चुलीकडे बघा. थंड असेल तर पेटवा, आणि भात शिजेपर्यंत प्रार्थना करा. देव तेवढा वेळ थांबतो, भूक थांबत नाही.