हंसाबाईचे पाय

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. मुरडा खुशाल. पुस्तकात मला घमेले म्हणतात. आमच्या भागात मी घमेलाच. बुडाला पोचे, काठाला वाळलेलं सिमेंट आणि अंगाला शेणाचा वास, असा मी जुना लोखंडी गडी. पण हंसाबाईची गोष्ट मी सांगणार, कारण तिला माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

दारव्ह्याच्या बाजारातून तिनं मला डोक्यावर ठेवून तांड्यावर आणलं, तेव्हा मी कसा चकचकीत होतो! तिचे दिवस मात्र वाईट होते. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं, रूपसिंगनं, दुसरं घर केलं होतं. तेव्हापासून तिला हळदीला कोणी बोलावेना. सकाळी ती समोरून आली तर बाया वाट बदलत. पण बाई खमकी. शेणखत, माती, गिट्टी, जे मिळेल ते माझ्यात भरून तिनं वाहिलं आणि स्वतःचं पोट भरलं. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

तांड्याजवळ ख्रिस्ती प्रार्थनामंदिर बांधायला काढलं, तेव्हा स्लॅबची गिट्टी तिनं पुढे होऊन वाहिली. तिथल्या राजकुमार पाळकांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तेव्हा मीही फुगलो. काम संपलं आणि मी पुन्हा शेणाला लागलो. घमेल्याची आठवण कोण ठेवतो? हंसाबाई दर रविवारी तिथं जाई. अंगण झाडी, पाणी भरी आणि उपासना सुरू झाली की दाराबाहेर चपलांपाशी बसे. येशूवर तिचा जीव जडला होता. बाप्तिस्मा घ्यावा असं तिला मनापासून वाटे, पण पाळकांनी विचारलं की ती म्हणे, पुढच्या साली पाहू.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळक बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. आता आमच्या मंडळींची गंमत ऐका. ज्यांचे पाय धुवायचे, ते घरूनच टाचा घासून, साबण लावून येतात. त्यामुळे स्टीलच्या परातीतलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहतं.

यंदा बारावा माणूस लग्नाला गेला आणि एक खुर्ची रिकामी राहिली. हंसाबाई शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून, मला काखेत मारून, थेट दाराशी येऊन बसली होती. पाय काळ्या मातीनं माखलेले, टाचांना भेगा. पाळकांनी दारात येऊन तिला खुर्चीवर बोलावलं. ती मागे सरकली.

"मले नोका बसवू. ना लेकरू झालं, ना अक्षर आलं. शिष्य म्हणवून घ्याची माही लायकी नाही."

"लायकी पाहून त्यानं कोणालेच बलावलं नाही, माय. मले बी नाही," पाळक म्हणाले. "त्याचा तुमच्यावर जीव हाय, म्हणून बलावते."

मग तिनं परात खराब होईल असं निमित्त काढलं. पाळकांनी परात बाजूला सारली आणि मलाच उचललं. मी लाजेनं मेलो. त्यांनी मला विसळलं, पाणी ओतलं, हंसाबाईला हाताला धरून आत आणून बसवलं आणि तिच्यापुढे गुडघे टेकले. त्यांनी भेगाभेगांतून बोट फिरवलं. पाणी पार काळं झालं.

हंसाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं हळूच विचारलं, "आन् उद्यापासून मी झाडलं नाही, पाणी भरलं नाही, तरी त्याचा माह्यावर जीव राहील?"

"तरी, माय."

तिनं आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं. मग मान वर करून म्हणाली, "मंग या ऐतवारी मले बाप्तिस्मा द्या."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या लोखंडी अंगालाही आनंद मावेना. माझी किंमत मी काय वाहतो यावर ठरते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लोखंड आहे. माणसाची किंमत तशी करू नका. हंसाबाईवर देवाचं प्रेम तिनं पहिली गिट्टी उचलली त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. तिला ते फक्त कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्याही दाराशी कोणी अंग चोरून बसलं असेल, तर त्याला आत बोलवा, शेजारी बसवा. कामाचं मग पाहू.