टोपीवर उतरलेलं मोहोळ

आमचे हे, लुओम, पाच मिनिटं एका जागी बसले तर शपथ. पस्तीस वर्षांचा संसार, पण जेवतानाही अर्ध्यातून उठून होडीची दोरी बघून येणार. त्या सकाळी मात्र आग्या माश्यांचा अख्खा थवा यांच्या टोपीवर उतरला आणि यांना कालव्याकाठी गुमान बसावं लागलं.

ऊ मिन्हच्या पाणथळ रानात आम्ही माश्यांसाठी तिरपे वासे बांधतो. त्यांवर माश्या पोळं धरतात. अर्धं आम्ही कापतो, अर्धं त्यांना ठेवतो. यांचे डोळे अधू झाल्याला तीन वर्षं झाली. वासे अजून हेच बांधतात आणि दुसऱ्या दिवशी मी गुपचूप जाऊन चुकलेल्या गाठी सोडवून परत बांधते. गावात नाव यांचं. असू दे.

लांबून आलेला थवा फांदीवर दम खातो, ते नेहमीचं. माणसाच्या डोक्यावर? मी बाई कधी ऐकलं नव्हतं. टोपीपासून छातीपर्यंत नुसत्या माश्या लोंबत होत्या. हे जरा हलले असते तर सगळ्या तुटून पडल्या असत्या.

माझ्या शेजारच्या होडीतला दियेन धुराची चूड पेटवायला लागला.

"दियेन, टाक ती पाण्यात," मी म्हटलं. "थकून बसल्यात त्या. धूर दिलास तर यांचा जीव जाईल."

त्यानं टाकली.

मग यांनी हलू नये म्हणून मी होडीतूनच बोलत राहिले. आधी भांडले. गळकं छप्पर काढलं, भावजींच्या लग्नात मला तिथेच विसरून हे घरी आले होते ते काढलं. दियेन तोंड फिरवून हसत होता. भांडण संपलं तसं मला रडू आलं.

"अहो, ऐका. माझ्या आईला तुम्ही दोन वर्षं पाठीवर घेऊन अंघोळीला नेलंत. मी एका शब्दानं बोलले नाही. पण बरं वाटायचं हो मला."

 

तासाभरानं माश्या एकदम उठल्या आणि कालव्यापलीकडे आमच्याच वाशावर जाऊन बसल्या. यांना एक डंख नाही. मी माश्यांना हात जोडले, बुद्धाला जोडले, दियेनलाही जोडले.

"वासा नीट आहे ना गं, बघायला हवं," हे मान चोळत म्हणाले.

"नीट आहे."

"असणारच. तू बांधलायस."

माझे कान तापले. "कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. तू डावखुरी. गाठ चाचपली की कळतं." मग टोपी झटकत म्हणाले, "मीही बोललो नाही. पण बरं वाटायचं मला."

आणि लगेच उठले, होडीची दोरी बघायला.