एका चुलीचं कार्ड

फोटोवाला येणार म्हणून मच्छिंद्रनानांच्या घरात सकाळपासून लगीनघाई उडाली होती. मालनबाईंनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. धाकट्या सुनेनं तान्ह्याच्या डोळ्यांत काजळ घालता घालता ते त्याच्या गालभर फासलं होतं, आणि नाना स्वतः आरशासमोर तिसऱ्यांदा फेटा बांधत होते. थोरली सून चांगुणा तेवढी चुलीपुढं होती. घरच्यांची न्याहारी, गड्यांच्या भाकरी, फोटोवाल्याचा चहा, सगळं तिच्याच अंगावर. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, पोरबाळ नव्हतं, आणि तेव्हापासून त्या घरातली पहिली जाग तिची आणि शेवटचा घास तिचा, असाच रिवाज पडला होता.

ही १९९६ सालातली, बाजरीची खळी उरकल्यानंतरची गोष्ट. राहात्याच्या बाजूच्या त्या गावात विमा म्हणजे ट्रॅक्टरचा, एवढंच लोकांना ठाऊक. माणसाचाही विमा असतो, हे त्यांना नवीन होतं. सरकारची योजना येईल तेव्हा येईल, तोवर तुम्ही आजारी पडायचं थांबणार आहात का, असं ट्रस्टच्या दवाखान्यातल्या डॉक्टर यशोधराबाईंनी पारावर सगळ्यांना विचारलं होतं. तोवरची सोय म्हणून त्यांनी साधीच युक्ती काढली. दर चुलीमागं दोन पायली बाजरी दवाखान्याच्या भटारखान्याला घालायची, बाकीचं ट्रस्ट बघेल. त्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांना वर्षभर औषधपाणी, भरती, ऑपरेशन फुकट. एक चूल, एक कार्ड. कार्डावर घरच्यांचा मिळून एक फोटो, म्हणजे पाहुण्यारावळ्यांनी घुसखोरी करायला नको.

गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष मच्छिंद्रनाना. हार त्यांच्या गळ्यात पडले, पण डोक्यावर पाटी घेऊन दारोदार बाजरी गोळा केली ती चांगुणानं. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. बाजरी घातलेल्या चुलींच्या याद्या तिनंच लिहिल्या; कार्डामागची नावं मात्र अध्यक्ष भरून देत. "फोटोत समद्यांनी उभं ऱ्हायचं बरं का. जो फोटोत, तोच कार्डात," असं ती उंबऱ्याउंबऱ्यावर बजावत होती.

फोटोवाला महेंद्र शिर्डीत भाविकांचे फोटो काढणारा. त्यानं अंगणात सतरंजी टाकून सगळ्यांना ओळीनं बसवलं. चांगुणाही तोंडावर पाणी मारून, धुतलेलं पातळ नेसून दाराशी येऊन उभी राहिली.

"चांगुणे, तू चहा टाक बाई," मालनबाई हळूच म्हणाल्या. "घराचा पैलाच फोटो हाय. मधी तान्हं लेकरू हाय. उगं कशाला..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. बारशाला, ओटी भरायला, हळदीकुंकवाला चांगुणा आपण होऊन बाजूला सरत आली होती. विधवेनं बाजूला सरायचं असतं हे आपल्या समाजानं तिला इतकं पक्कं शिकवलं होतं की, तिला त्यात अपमानसुद्धा दिसेनासा झाला होता. पण या वेळी तिच्या मनात वेगळीच शंका आली.

"पन आत्याबाई, फोटोत न्हाई तर कार्डात कसं?"

"मामा अध्यक्ष हायेत की तुझं! ते नाव घालत्याल. घरच्या मानसाला कोन इचारतंय?"

नानांनी फेटा सावरत मान डोलावली. "घातलं समज तुझं नाव. जा, चहा आन."

चांगुणा आत गेली. सासूच्या विषमज्वरात महिनाभर तिच्या उशापायथ्याशी बसणारी ती बाई, सासूच्या शब्दावर तिनं विश्वास ठेवावा यात नवल काय? बाहेर महेंद्रनं विचारलं, "अजून कोणी आहे का घरात?" "कोन न्हाई, काढा," असं नाना म्हणाले. तेही तिनं ऐकलं, आणि आलं ठेचायला घेतलं.

डिसेंबरात ऊसतोड सुरू झाली. एका सकाळी जनावरांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधताना पान सपकन चांगुणाच्या उजव्या डोळ्यात गेलं. संध्याकाळपर्यंत डोळा लालभडक झाला आणि दुसऱ्या दिवशी उघडेना. तिसऱ्या दिवशी मात्र नाना तिला दवाखान्यात घेऊन गेले, कारण ऊस गोळा करणाऱ्या बायका बोलायला लागल्या होत्या.

यशोधराबाई आठवडाभर बाहेरगावी होत्या. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळा पाहिला आणि लगेच भरती व्हायला सांगितलं. बुबुळाला जखम झाली होती. तासातासाला औषध घालावं लागणार होतं, नाहीतर डोळा जाईल, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. चांगुणा घाबरली, पण थोडीच. कार्ड होतं ना!

खिडकीतल्या कारकुनानं कार्ड उलटसुलट पाहिलं. "ह्या कुठं आहेत यात? फोटोत नाहीत, मागं नावही नाही."

"आसंल की. नीट बगा," चांगुणा म्हणाली. तिनं दुसऱ्या डोळ्यानं स्वतःच पाहिलं. सासरा, सासू, दीर, जाऊ, तान्हं लेकरू. पाच नावं. त्याखाली कोरी जागा होती.

कारकून काही दुष्ट नव्हता. "हरकत नाही नाना, राहून गेलं असेल. तुम्ही तर अध्यक्ष. ह्या तुमच्याच चुलीवर जेवतात, घरच्या आहेत, एवढं लिहून सही करा. आत्ता नाव चढवतो." त्यानं कागद पुढं सरकवला.

नानांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. कागदाकडं बराच वेळ पाहिलं. मग टोपण लावून पेन परत खिशात खोचलं.

"घरची न्हाई," ते म्हणाले. "आमच्याकडं कामाला असती ती."

चांगुणा शेजारीच उभी होती. ज्या माणसाला ती सात वर्षं मामा म्हणत आली, ज्याच्या पायांना तिनं तेल चोळलं, तो माणूस तिच्याकडं न बघता पायरी उतरून चालायला लागला. कार्डाशिवाय भरती व्हायला आगाऊ रक्कम भरावी लागत होती. ती तिच्यापाशी कुठली? "ऊस जाऊ दे कारखान्याला, मग बगू दुसरीकडं," एवढंच ते एसटीत म्हणाले.

ऊस गेला. चांगुणानं दवाखान्यातून मिळालेली थेंबांची बाटली संपेस्तोवर घातली. बाराव्या दिवशी यशोधराबाई गावात आल्या तेव्हा बुबुळावर पांढरा पडदा धरला होता. त्यांनी तपासलं, आणि तिचा हात हातात घेतला. पहिल्याच दिवशी भरती केली असती तर डोळा बहुतेक वाचला असता, असं त्यांनी सांगितलं.

त्या दुपारी चांगुणानं सासूला गाठलं. "आत्याबाई, मामांनी आसं का केलं?"

मालनबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. "मला नको इचारू."

"तुमालाच इचारनार. लेक म्हनता ना मला?"

म्हातारीला रडू कोसळलं. "कुनीतरी भरवलं त्यांच्या मनात. सरकारी कागदावर घरची म्हनून नाव चढलं की उद्या उताऱ्यावर चढंल, निम्मी जमीन मागंल."

"दवाखान्याचं कार्ड कधी सरकारी कागद झालं? आन फोटोच्या दिशी? तवा तुमालाबी ठावं हुतं?"

मालनबाईंनी पदर तोंडाशी नेला. "व्हय," त्या म्हणाल्या.

म्हणजे अपशकुन वगैरे काही नव्हतंच. रूढीचं नुसतं पांघरूण होतं, आणि आत जमिनीची हाव होती. चांगुणाला डोळ्यापेक्षा ते जास्त लागलं. नवऱ्याच्या मागं या घरात आपण लेक म्हणून राहतोय असं तिला वाटत होतं. त्या सात वर्षांची एका शब्दात माती झाली, आणि ती गोठ्यात जाऊन ओक्साबोक्शी रडली.

रडून झाल्यावर तिला आठवलं. लंकाबाईच्या घरी फोटो निघाला तेव्हा लंकाबाई गोठ्यात होती. राहीबाईला तिच्या पोरानं पाखरं राखायला रानात धाडलं होतं. गावातली एकही विधवा कुठल्याच फोटोत नव्हती. आणि फोटो झाला की त्या चुलीपुढं यादीत बरोबरची खूण चांगुणानंच केली होती! तिनंसुद्धा विचारलं नव्हतं. आपण फसलो तशा त्याही फसल्या, आणि त्यांच्या फसवणुकीत आपलाही हात लागला, हे तिच्या जिवाला फार लागलं.

राहिलेल्या चुलींची नोंदणी संक्रांतीनंतर एक दिवस होणार होती. त्या सकाळी लंकाबाईच्या छपरापुढं तीन दगडांची चूल पेटली. चांगुणा, लंकाबाई, राहीबाई. तिघींनी पहाटे अंथरुणं आणून टाकली होती, आणि रानात मागं राहिलेला सरवा वेचून साठवलेली दोन पायली बाजरी टोपलीत भरून ठेवली होती. यशोधराबाईंनी येऊन त्या चुलीवरची भाकरी खाल्ली आणि अर्ज पुढं केला. आता अध्यक्षांची सही तेवढी हवी होती.

अध्यक्ष तणतणतच आले. "काय तमाशा मांडलाय? सकाळधरनं घरात चूल पेटली न्हाई. धाकटी तान्ह्यातच गुतलीया, म्हातारी उपाशी हाय. चल घरी!"

भोवती अर्धं गाव जमलं होतं. चांगुणानं अर्ज त्यांच्यासमोर धरला.

"आत्याबाईंला भाकरी धाडली हाय, मामा. घरची म्हनून न्हाई, भुकेलं मानूस म्हनून. पन मी आता येनार न्हाई. तुमच्याकडं कामाला हुते ना? काम सोडलं आजपासनं."

नाना इकडंतिकडं बघू लागले. त्यांच्या बाजूनं कुणी बोललं नाही.

"आन उताऱ्याचं," ती म्हणाली, "माझ्या ध्यानीमनीबी नव्हतं. तुमी भ्यालात म्हनून मला कळलं. आता मागनार. आदी हितं सही करा."

नानांनी सही केली.

महेंद्रनं कॅमेरा लावला. "मावशी, डोळ्यावरची पट्टी क्षणभर काढता का? फोटो चांगला येईल."

"ऱ्हाऊ द्या," चांगुणा म्हणाली. "दिसू द्या."

वाचकहो, तुमच्याही भिंतीवर घरच्या सगळ्यांचा म्हणून एक फोटो टांगलेला असेल. आज तो एकदा खाली उतरवा आणि माणसं मोजा. तो काढला तेव्हा आत चहा कोण टाकत होतं?