फोनवरचा होकार

शुक्रवारी हॉल्मथॉर्पमध्ये घरी कुणी रांधत नाही. त्या दिवशी गाव मासे-चिप्स खातं, आणि ते क्लिफर्ड हॅगसच्या दुकानातूनच आणतं. गॅसवरच्या दोन मोठ्या कढयांत बैलाची चरबी तापलेली असते, क्लिफर्ड पिठात बुडवलेला हॅडॉक मासा त्यात सोडत असतो आणि गल्ल्यावर त्याची बायको ग्लेंडा कागदाच्या पुड्या बांधत असते.

"मीठ-व्हिनेगर घालू?"

"घाल की. विचारतेस काय?"

"डॉक्टरनं मीठ बंद केलंय ना तुझं?"

"डॉक्टर कुठं रांगेत उभाय?"

रांग हसली. तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवारी फोनवरही मागणी येते, त्यामुळे तो न घेऊन चालत नाही. हात पिठात बुडालेले, म्हणून क्लिफर्डनं तो मान आणि खांद्यामध्ये धरला.

"क्लिफर्ड, मी कॅलम. तुमच्या दुकानाचा गॅस आणि वीज यासंबंधी बोलायचं होतं. सगळ्या कंपन्यांचे दर मी ताडून पाहिलेत, तुम्हाला काहीच करायला नको. सोमवारपासून दर चढणारेत. आजच कंपनी बदललीत तर सुटलात."

"आत्ता वेळ नाही बाबा."

"शेजारच्या रॉयलाही वेळ नव्हता. तरी करून घेतलं त्यानं."

"रॉयनं?"

"हो, तुमच्या भिंतीपलीकडचा खाटीक."

इथे क्लिफर्ड पाघळला. रॉय म्हणजे सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून खिशात ठेवणारा गडी. त्यानं केलंय म्हणजे त्यात खोट असणारच नाही.

"मी थोडा मजकूर वाचतो," कॅलम म्हणाला. "तुम्ही फक्त 'हो' म्हणत जा."

तो वाचत गेला. क्लिफर्ड एका कानानं ते ऐकत होता, दुसऱ्या कानानं ग्लेंडाची हाक. "दोन हॅडॉक, एक मटार!" ती ओरडली. क्लिफर्डनं दोघांनाही 'हो' म्हटलं.

घरच्या विजेचा करार केला तर विचार बदलायला कायद्यानं थोडी मुदत मिळते. दुकानदाराला ती नाही. तो धंदेवाला, म्हणजे शहाणा, असं कायदा धरून चालतो. सरसर वाचलेल्या मजकुराला फोनवर दिलेला 'हो' हा पक्का करार होतो, तोही पाच-पाच वर्षांचा, आणि तो बोलताक्षणी टेपवर चढतो. शिवाय दर ताडून देणारा हा परोपकारी माणूस फुकट राबत नाही. त्याचा वाटा दुकानदाराच्या दरातच मुरवलेला असतो. दर जितका चढा, तितकी त्याची चैन. याला इथे व्यापार म्हणतात. मला दुसरा शब्द सुचतो, पण तो छापता येणार नाही.

पहिलं बिल आलं ते क्लिफर्डनं मागच्या दारी, मासळीच्या पेट्यांपाशी उभं राहून वाचलं. आधी त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं असेल. मग त्यानं फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात त्याला टेप ऐकवली. त्यात त्याचा 'हो' होता, पुन्हा 'हो' होता, आणि मागून ग्लेंडाचे दोन हॅडॉकही स्पष्ट ऐकू येत होते. क्लिफर्डनं फोन ठेवला.

मागच्या अंगणात रॉय नळीनं फरशी धूत होता. दोन्ही दुकानांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत.

"रॉय, ती नवी कंपनी कशी काय रे?"

रॉयनं नळ बंद केला. क्षणभर तो नळीकडेच बघत राहिला.

"ठीक चाललंय. तुझं?"

"माझंही ठीकच."

आणि दोघे आपापल्या कामाला लागले. आमच्याकडे पाय मोडलेला माणूसही 'बरंय' म्हणतो. आपलं रडगाणं गाऊ नये, आपला मूर्खपणा वेशीवर टांगू नये, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. लोक याला स्वाभिमान म्हणतात. मी याला रोग म्हणतो, आणि या रोगावरच कॅलमसारख्यांचं पोट चालतं. रस्त्यावरचं पहिलं दुकान फसलं की त्याचं नाव सांगून दुसरं फसवता येतं, कारण पहिला तोंड उघडणार नाही याची त्यांना खात्री असते.

शरद सरेपर्यंत क्लिफर्डनं दुसरी कढई बंद केली. "मासा महागलाय," तो ग्लेंडाला म्हणाला. मग सोमवार-मंगळवारी दुकान बंद राहू लागलं. "गुडघे दुखतात," तो म्हणाला. बिलं तो स्वतःच उघडायचा. दुकानाच्या वर ते दोघं राहायचे. तिथे ऊब पुरवणारा गॅसही दुकानाच्याच मीटरवर होता. एक दिवस तीही बंद झाली.

जेवायला तो ओव्हरकोट घालून बसला तेव्हा ग्लेंडानं थट्टा केली.

"बोटीवर निघालास की काय?"

"हवा छान आहे. गरम खोलीत मला कोंडल्यासारखं होतं."

"छान आहे तर मग दात का वाजताहेत?"

तो हसला आणि खोकला आला म्हणून वळून बसला. आयुष्यभर कढईच्या धुरात उभं राहिलेली त्याची छाती मुळातच कच्ची होती. ग्लेंडा त्याला लोकरी मोजे विणून देत होती. आपला नवरा म्हातारपणी चिक्कू झाला, एवढंच तिला वाटलं. बिचारीला दुसरं काही वाटावं तरी कसं?

ऐन थंडीत त्याला इस्पितळात न्यावं लागलं. न्यूमोनिया झाला होता. "घर गरम ठेवता ना?" डॉक्टरनं विचारलं. ग्लेंडानं क्लिफर्डकडे पाहिलं. क्लिफर्डनं डोळे मिटून घेतले. डॉक्टर गेल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं, धापा टाकत, तुकड्या-तुकड्यांत.

"अरे, रॉयला तरी विचारायचंस!"

"विचारलं. त्याचं ठीक चाललंय. मीच एकटा मूर्ख निघालो."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

त्यानं तिचा हात धरला.

"तू मला हुशार समजतेस, ग्लेंडा. तेवढं राहू द्यायचं होतं."

ती त्याच्या हाताशी बसून रडली. तो आठवडाही त्यानं काढला नाही.

चर्चमधलं सगळं उरकल्यावर लोक शेजारच्या हॉलमध्ये चहाला जमले. हॅमची सँडविचेस होती, आणि क्लिफर्डच्या आठवणी होत्या. केस कापणारी पॉलीन ग्लेंडाजवळ आली. तिचे डोळे सुजले होते.

"फार भला माणूस गं. मला तुमचं नाव सांगून फोन आला होता ना, दुकानाच्या गॅस-विजेचा, तेव्हाही मी त्यालाच विचारून पाहिलं. 'ठीक आहे' म्हणाला, म्हणूनच मी होकार दिला."

ग्लेंडानं कप खाली ठेवला.

"कधी विचारलंस?"

"नाताळच्या आधी. का गं?"

नाताळच्या आधी क्लिफर्ड ओव्हरकोटात जेवत होता. ज्या उत्तरानं त्याला एकटं पाडलं, तेच उत्तर त्यानं पॉलीनला दिलं होतं. ग्लेंडाला आधी त्याचा भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या मागोमाग फार वाईट वाटलं.

"क्लिफर्डला त्या फोनवाल्यानं फसवलं," ती म्हणाली. आवाज मोठा होता, सगळ्या हॉलला ऐकू गेला. "दुकान बुडत होतं. गॅस परवडेना म्हणून घर गोठवून तो मेला. आणि तुला 'ठीक आहे' म्हणाला."

"आई," मुलगी जनीननं तिची बाही ओढली. "आज नको. बाबांचं नाव..."

"बाबांच्या नावासाठीच बाबा गेले, पोरी. किती दिवस जपायचं ते?"

मागे कुणाची तरी खुर्ची सरकली. रॉय उभा राहिला होता. त्या आडदांड माणसाचा चेहरा पार उतरला होता.

"मी त्याच्या आधी फसलो होतो," तो म्हणाला. "त्यानं मला भिंतीवरून विचारलं, तेव्हा बिल माझ्या खिशात होतं."

रॉयला वाटलं असावं, ग्लेंडा आता त्याच्या तोंडात मारेल. हॉलमधल्या पुष्कळांना तसंच वाटलं. तिनं फक्त विचारलं, "अजून कोण?"

लोक आपापल्या बशीकडे बघू लागले. तिनं वाट पाहिली. शेवटी लॉन्ड्रीवाला म्हणाला, "मी." मग पॉलीन रडत म्हणाली, "म्हणजे मीसुद्धा." खिडकीपाशी बसलेल्या पावभट्टीवाल्यानं नुसती मान हलवली.

"तक्रार करायला जागा आहे," जनीन हळूच म्हणाली. ती शहरात कचेरीत काम करायची. "लवाद आहे यासाठी. पण आधी फसलो म्हणून लिहून द्यावं लागतं."

"देऊ," ग्लेंडा म्हणाली. "उद्या सकाळी सगळे दुकानात या. येताना बिलं आणा."

सकाळी ते आले. बिलं कोटाच्या आत दडवलेली, जणू चोरीचा माल. कढया थंड होत्या. ग्लेंडानं क्लिफर्डचं बिल काउंटरवर पसरलं आणि रॉयपुढे हात केला. रॉयनं आपलं बिल त्याच्या शेजारी ठेवलं. तोच दर, तोच चढा आकडा, तीच पाच वर्षं. शरदात कधीतरी हे दोन कागद असे शेजारी-शेजारी आले असते, तर दोन माणसांनी एकमेकांना शिव्या दिल्या असत्या, दोघं हसले असते, आणि दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं.

रॉयनं चष्मा काढून पुसला. परत लावला.

"वाच," ग्लेंडा म्हणाली. "आधी त्याचं, मग तुझं. मोठ्यानं वाच, रॉय. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

रॉय वाचू लागला. क्लिफर्डच्या नावापाशी तो अडखळला. ग्लेंडानं त्याला थांबू दिलं नाही.