डिप्लोमा म्हणजे डिप्लोमाच

आमच्या घरात डिप्लोमा हा शब्द जवळजवळ शिवी आहे, हे विज्ञानाच्या बाईंना कोण सांगणार? त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, शाळेची शेवटची दोन वर्षं तू आंतरराष्ट्रीय डिप्लोमाला बस, तुझ्यासारख्या मुलीसाठीच आहे तो. फीमध्ये सवलतही त्यांनीच मिळवून दिली होती. शुक्रवारी रात्रीपर्यंत हो की नाही कळव, म्हणाल्या. मी हवेत तरंगत घरी आले आणि दारातच तोंडावर आपटले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "डिप्लोमा नको. नीट शीक."

नीट शीक म्हणे. आता या माणसाशी काय डोकं आपटायचं? बाबा मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी तरुणपणी लिफ्टचाच डिप्लोमा केला आणि तेव्हापासून बढतीची वेळ आली की कुणीतरी डिग्रीवाला पुढे जातो, बाबा आहेत तिथेच. त्यामुळे डिप्लोमा म्हणजे डिग्री न मिळालेल्यांची रांग, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी परोपरीने समजावलं. हा शाळेचाच अभ्यास आहे, हा झाला की डिग्रीलाच जायचंय, नाव तेवढं डिप्लोमा आहे. बाबा मान डोलवायचे आणि शेवटी गाडी पुन्हा मूळपदावर. डिप्लोमा म्हणजे डिप्लोमाच.

आईने अंग काढून घेतलं. तुमच्या वादात माझं दूध उतू गेलं, एवढीच तिची तक्रार. आत्याने मात्र फोनवरून तेल ओतलं. एवढी हुशार पोरगी आणि डिप्लोमा करणार, चार लोकांत आम्ही काय सांगायचं, वगैरे. मला ती वकीलसाहेब म्हणते आणि वकिलाचं एक अक्षर ऐकून घेत नाही.

खरं सांगायचं तर माझीही तंतरली होती. अभ्यास ढीगभर, शनिवार गेले, आणि माझी जिवाभावाची मैत्रीण नेहमीच्याच अभ्यासक्रमाला राहणार होती. पण तिथे स्वतःचा प्रश्न स्वतः शोधायचा आणि त्यावर मोठा निबंध लिहायचा असतो. आजवर माझ्या वाट्याला आले ते सगळे छापील प्रश्न. माझ्याकडे माझा एक प्रश्न होता, आणि तो विचारायला दुसरी जागा नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी बाबा पुन्हा म्हणाले, डिप्लोमा म्हणजे डिप्लोमाच, आणि माझं डोकं फिरलं.

"अहो, हा तुमच्यासारखा डिप्लोमा नाहीये, बाबा. किती वेळा सांगू?"

बाबा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या कामावर गेले. होकार घेतल्याशिवाय हलायचंच नाही, असं ठरवून. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टचं दार सताड उघडं होतं, समोर 'काम चालू' अशी पाटी आणि आत नुसता काळोखा खड्डा. काठावर एक तरुण साहेब फोन चाळत उभा होता. तो खाली वाकून म्हणाला, "डिप्लोमा, अजून किती वेळ?"

"झालंच, साहेब," खालून बाबांचा आवाज आला.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात रखवालदाराने विचारलं, कोण पाहिजे, डिप्लोमा का? त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्या माणसाला बाबांचं दुसरं काही नाव असेल हेच माहीत नसावं.

बाबा वर आले, मला पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरून काय ते समजले. साहेबाने हसून विचारलं, मुलगी का, पुढे काय करणार? बाबा पाटीकडे बघत राहिले. मी ताडकन पुढे झाले.

"डिप्लोमा," मी म्हणाले.

"म्हणजे घराणंच आहे," साहेब म्हणाला आणि एकटाच हसला.

बसमध्ये बाबांनी दोन तिकिटं काढली. मला त्यांचा राग येत होता, साहेबाचा येत होता, आणि कालच्या माझ्या वाक्याचा तर सगळ्यांत जास्त. मग ते म्हणाले, "रागाने बोललीस मघाशी. रागावर दोन वर्षं निघत नाहीत. तुला तिथे नेमकं करायचंय काय?"

आठवडाभर मी तो डिप्लोमा कसा नाही एवढंच सांगत होते. काय आहे आणि मला कशाला हवाय, हे घरात कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मी माझा प्रश्न सांगितला. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्याचा दिवा लागलेला दिसत असताना लोक ते पुन्हा पुन्हा का दाबतात?

बाबा खिडकीबाहेर बघून हसले. दाबतात खरे, म्हणाले, आणि बटण बिघडलं की शिव्या मला घालतात.

घरात पाऊल टाकतोय तोच आत्याचा फोन. बाबांनी बूटही काढले नव्हते. पलीकडून तिची सरबत्ती मला दारापर्यंत ऐकू येत होती. बाबांनी ती संपू दिली.

"हो, डिप्लोमाच करतेय," ते म्हणाले. "माझ्यासारखाच."

चूक होतं ते, साफ चूक. आठवडाभर मी हेच तर खोडून काढत होते. वाक्य ओठांवर आलंसुद्धा. मी ते गिळलं आणि बाईंना फोन लावायला आत गेले.