पाण्याजवळचं आठ एकर रान

विषय : कै. गेणू यांच्या पश्चात वारसांना मिळालेली जमीन अपेक्षेपेक्षा कमी भरल्याबाबत.
संदर्भ : गेणू यांचं वेळोवेळीचं बोलणं.

वरील विषयास अनुसरून कळवते, की कमी भरलेली ती जमीन मीच. डिंभे धरणाच्या पाण्यात वर्षातले बरेच महिने बुडून असलेली वीस गुंठे जमीन बोलतेय.

धरण होण्याआधी माझ्यात भात पिकायचा. मग सरकारने मला रीतसर ताब्यात घेतलं. गेणूने मोबदला घेऊन मंचरला दोन खोल्या बांधल्या. खरं तर आमचा संबंध तिथेच संपला. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, मी गाळाने माखलेली बाहेर येते, आणि जुन्या मालकाने अर्ज केला तर तेवढ्या महिन्यांपुरती त्याला पेरणीची परवानगी मिळते. याला गाळपेर म्हणतात. गेणू दर वर्षी अर्ज करायचा, काकडी आणि थोडी बाजरी घ्यायचा, आणि पावसाळा तोंडावर आला की मला पाण्याच्या हवाली करून मंचरला जायचा.

गेणू माणूस सरळ होता. फक्त मोकळ्या जागेत त्याचा हात आवरत नसे. सुट्टीत गोरख, त्याचा मुलगा, सोबत आला की गेणू माझ्यावर उभा राहून हात फिरवायचा. "कागदावर सरकारचं, पर हे समदं आपलं!" त्या फेऱ्यात शेजारच्या सावळेरामची पट्टी यायची, पलीकडच्या भागूची यायची, एकदा तर समोरची टेकडीही आली. मी पायाखालीच होते. लाजेने अर्धी व्हायचे. पण जमिनीला खाकरता येत नाही.

अंजना त्याची थोरली मुलगी. तिचं लग्न ओतूरला ठरलं, तेव्हा गेणूने पाहुण्यांना सांगितलं, "आठ एकर रान हाय, पाण्याजवळ." पाण्याजवळ हे खरं होतं. किती जवळ, ते पाहुण्यांनी विचारलं नाही.

गेल्या आषाढात गेणू गेला. मी तेव्हा पाण्याखाली होते. पुढचं सगळं मला नंतर कळलं, माझ्यावर बसून बोलणाऱ्यांकडून. आमच्याकडे रीत अशी, की तेराव्याला भावकी बसते आणि बहीण आपण होऊन म्हणते, "मला काय नको, माहेर तेवढं राहू द्या." भावाने जरा नको-नको म्हणायचं आणि मग तिला साडी नेसवायची. यात दोघांचीही अब्रू राहते. गोरखने घाई केली. अंजनाने तोंड उघडायच्या आत त्याने टाइप केलेला स्टॅम्पपेपर तिच्यापुढे ठेवला.

अंजनाने तो वाचला. "मी म्हणणारच व्हते, गोरख. म्हणू तरी द्यायचं."

तिने सही केली आणि साडी तिथेच ठेवून ती ओतूरची एसटी धरून गेली. अशा रीतीने सरकारी जमिनीवरचा हक्क बहिणीने भावाला सोडून दिला, आणि भावाने तो सर्वांसमक्ष स्वीकारला.

भाऊबीजेला ती आली नाही. मंचरच्या खोलीत मांडलेला पाट गोरखने संध्याकाळी स्वतःच उचलून ठेवला.

पाणी उतरल्यावर गोरख ट्रॅक्टर घेऊन आला. शेजारच्या पट्टीत सावळेराम ढेकळं फोडत होता.

"कुठं निघाला, राव, एवढं धूड घेऊन?"

"आठ एकर नांगरायचंय, तात्या."

"लई उपकार झालं. म्हंजी माझंबी नांगरणार, आन् भागूचंबी?"

गोरखला आधी थट्टा वाटली. मग सावळेरामने त्याला जांभळीचं कुजकं खोड आणि अलीकडची पाण्याने पाडलेली ओघळ दाखवली. "ह्या खोडापासनं त्या वघळीपातुर गेणूचं. बाकीचं त्याच्या हातात व्हतं, रानात नव्हतं."

ट्रॅक्टर वळायलाही मी धड पुरले नाही. गोरख खाली उतरला आणि माझ्यावरच मटकन बसला. "ह्याच्यापायी मी ताईची सही घेतली?" सावळेरामने ऐकलं नसल्यासारखं केलं, आणि तेच त्याला जास्त लागलं. मलाही. माणसाला अंग चोरता येतं. मला त्या दिवशी चार हात पसरायचं होतं, ते जमलं नाही.

गाळपेराच्या अर्जासाठी कचेरीत विचारलं, "गेणूचे वारस किती?" गोरख म्हणाला, "दोघं." मग दोघांच्या सह्या आणा, असं सांगण्यात आलं. स्टॅम्पपेपर त्याच्या खिशात होता. त्याने तो काढला नाही. गोरख ओतूरला गेला. अंजनाने त्याला चहा दिला आणि एवढंच म्हणाली, "आधी रान दाखव."

चैत्रात ती आली. चपला हातात घेऊन गाळातून उतरली.

"कुठनं कुठवर?"

बापाचा हात फिरायचा. मुलाचं एक बोट उठलं. "त्या खोडापासनं ह्या वघळीपातुर."

"एवढंच?"

"एवढंच. ते बी सरकारचं."

ती खोडापासून ओघळीपर्यंत पावलं मोजत गेली. धरणाला त्या वेळी माझी थोडी जरी कीव आली असती, तर पाणी वर आलं असतं. मग तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"अरं, आठ एकर सोडणारी सून म्हणून मी ओतूरला मिरवती. सासू चार बायांत सांगती. आता काय सांगू, चिखल सोडला म्हणून?"

"मला लई लाज वाटती, ताई."

"वाटू दे. पर रानाची नको वाटू देऊ. बापानं हात फिरवला, त्यात कुणाचं काय गेलं न्हाई. मी देणार व्हते, आन् तू घेतलंस. ते लागलं."

गोरखने खिशातून स्टॅम्पपेपर काढला. "फाडू?"

"फाडून काय व्हतंय? अर्जात माझं नाव घाल. खालती नको, तुझ्या शेजारी. आन् निम्म्या काकड्या ओतूरला आल्या पायजेत."

"टेम्पोत देतो पाठवून."

"टेम्पोत न्हाई. तू घेऊन यायचं. डोक्यावर पाटी, सासूच्या म्होरं."

"येतो." वर चढताना त्याने पाठीमागून विचारलं, "भाऊबीजेला येशील?"

"बघू," ती म्हणाली. तिने वळून बघितलं नाही.

कमी भरलेल्या वारशाचं काय करावं, याबद्दल शासनाचं परिपत्रक नाही. या दोघांनी जे केलं ते वर नमूद केलं आहे. अर्ज दोघांच्या नावाने दाखल झाला. वैशाख सरत आला. परवानगी नाही, त्यामुळे पेरणी नाही, आणि काकडीचं बी सावळेरामच्या घरी पुडीत बांधलेलं आहे. मला भेगा पडल्यात. थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा चढेल.

माझी एकच विनंती. भाऊबीजेच्या दिवशी मी पाण्याखाली असेन आणि मला मंचरचं काही कळणार नाही. अंजना आली की नाही, हे पाणी उतरल्यावर कुणीतरी माझ्यावर येऊन, चार घटका बसून, सांगावं.

अर्ज प्रलंबित आहे.