फोटो होईपर्यंत

त्या वाचनालयाचे वर्षभराचे सगळे कार्यक्रम फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात पार पडायचे. यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर त्यानं निमगाव केतकीच्या पुढं, इंदापूरच्या वाटेवरच्या त्या लहानशा गावात यावं आणि ग्रंथपाल योगिनीला विचारावं. अकरा वर्षं हे काम तिच्याच हातचं होतं.

आधी 'वाचन सप्ताह'चा फलक लागे. गावकरी खुर्च्यांवर बसत, कुणीतरी माइकपुढं तोंड उघडून उभं राही, फोटो निघे. मग तो फलक उतरवून 'आरोग्य व्याख्यान'चा चढे. पुरुषांनी टोप्या काढायच्या, बायकांनी जागा बदलायच्या. शकुबाई तर पिशवीत दुसरी साडी घेऊनच येत. पाच फलक झाले की चहा आणि भजी. तपासणीचे साहेब आले की फाइल चाळत, चांगला शेरा मारत, आणि वाचनालयाचा दर्जा आणखी एक वर्ष टिके. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. योगिनीलाही वाटत नव्हतं, उगाच तिला साळसूद ठरवायला नको.

गेल्या वर्षी मात्र घोळ झाला. शेवटचा फलक होता 'महिला साक्षरता वर्ग'. फोटो झाला, बायका भज्यांकडं वळल्या, आणि मागच्या रांगेत नकोशीमावशी तशीच बसून राहिली. साठीची बाई. नवरा होता तोवर मेंढरांमागं फिरली, आता लोकांच्या मळ्यात खुरपायला जायची. तिच्या मांडीवर लाकडी चौकटीची कोरी करकरीत पाटी होती.

"ताई, शिकवायला कवा सुरू करायचं?" तिनं विचारलं.

कार्यक्रमांची यादी आठवडाभर वाचनालयाच्या दारावर चिकटवलेली असे. मावशीनं ती कुणाकडून तरी वाचून घेतली होती आणि खरी मानली होती. अकरा वर्षांत ती यादी खरी मानणारी ती पहिलीच. योगिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "आता या वयात कशाला शिकायचंय, मावशी?"

"एसटीची पाटी वाचायला. लेकीच्या बाळंतपणाला बारामतीला निघालते. आपल्या गावात गाडी थांबत न्हाय म्हनून इंदापूरच्या स्टँडवर गेले, एकाला इचारलं, त्यानं दावली त्या गाडीत बसले. गाडी सुटल्यावर कंडक्टर म्हनला, ही अकलूजची हाय. रस्त्यात उतरवलं. चालत माघारी आले, तवर बारामतीची गेलती. दवाखान्यात पोचले तर बाळ जल्मून दगावलं बी हुतं. मला त्वांडसुदिक दिसलं न्हाय."

हे तिनं इतक्या साध्या सुरात सांगितलं, की योगिनीला तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी योगिनी वाचनालयाच्या अध्यक्षांकडं गेली. हिंदुराव आबा माणूस वाईट नव्हते. साठ एकर ऊस, गावातल्या प्रत्येक संस्थेत खुर्ची, आणि कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही हा स्वभाव. योगिनी म्हणाली, "आबा, एक तरी कार्यक्रम खरा करूया. बायकांचा वर्ग. दर बुधवारी तीन वाजता."

"कर की. पर येत्यात का बायका?"

"येतील."

"बरं, असं कर. चार बुधवार पंधरा-पंधरा बायका टिकल्या तर हॉल तुझा. न्हायतर आमच्या पोराचं, रणजितचं जिमचं सामान कवाचं येऊन पडलंय."

योगिनी झपाटल्यासारखी कामाला लागली. पंधरा दिवस ती घरोघर फिरली. कुणाची खुरपणी कधी उरकते, कुणाच्या धारा कधी असतात, कुणाची सून घरात थांबू शकते, सगळं विचारून मग वेळ पक्की केली. आणि मनाशी एक ठरवलं: या वर्गात फोटो काढायचा नाही. फलक लागेल, पण फोन टेबलाच्या खणात राहील. या निश्चयाचा तिला मोठा अभिमान होता.

पहिल्या बुधवारी बावीस बायका आल्या. शकुबाई पहिल्या रांगेत, मागं पाटी घेऊन नकोशीमावशी. योगिनीनं फळ्यावर 'ब' काढला. तासभर एकही बाई उठली नाही. दुसऱ्या बुधवारी पंचवीस आल्या. त्या दिवशी 'र' झाला आणि काना झाला, आणि मावशीनं पाटीवर 'बारा' लिहून ती पाटी लांब धरून बघितली.

"ही निम्मी बारामती झाली व्हय?" ती म्हणाली.

"निम्मी झाली. पुढच्या दोन बुधवारांत उरलेली."

घरी जाताना योगिनीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अकरा वर्षांत आपण या लोकांना उगाच कमी लेखलं, खरं काही दिलं की माणसं येतात, असं तिला वाटत होतं. वाटेत तिनं आबांना फोन करून आकडाही सांगितला.

तो आकडा ऐकूनच आबा तिसऱ्या बुधवारी स्वतः आले. हॉल गच्च भरलेला बघून ते खरोखर हरखले. "वा, वा," म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला.

"आबा, फोटो नको," योगिनी म्हणाली.

"आगं, येवढं चांगलं काम, फोटो नको कसा? बायांनो, हिकडं बघा."

बायकांनी पदर सारखे केले आणि समोर बघितलं. फोटो निघाला. आणि खुर्च्या सरकल्या. शकुबाई उठल्या, त्यांच्यामागं रांगच्या रांग उठली, चपला शोधायची गडबड सुरू झाली.

"आवो, कुठं निघालात? अजून 'म' व्हायचाय," योगिनी म्हणाली.

"आता काय ऱ्हायलंय?" शकुबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी कुरकुर होती. "दोन बुधवार झाले तुमी फोटोच काढंना. आमी म्हनलं आबांची वाट बघताय. फोटो व्हईस्तवर बसायचं म्हनून बसलो. मळ्यात कामं पडल्यात, ताई."

योगिनी फळ्यापाशी उभी राहिली. या बायकांना हे कुणी शिकवलं ते तिला चांगलं ठाऊक होतं. अकरा वर्षं तिनंच शिकवलं होतं, आणि तो धडा मात्र पक्का झाला होता.

नकोशीमावशी अजून बसलेली होती. तिनं रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं, मग फलकाकडं, मग पाटी पदराखाली घेतली आणि बाहेर गेली.

चौथ्या बुधवारी कुणीच आलं नाही. साडेतीनपर्यंत वाट बघून योगिनी मावशीच्या घरी गेली. मावशी ओट्यावर शेंगा निवडत होती.

"मावशी, वर्ग बंद पडला तरी तुमी या. माझ्या टेबलापाशी बसून शिकवते. दोनच अक्षरं आणि एक वेलांटी राहिलीय."

"ऱ्हाऊ द्या, ताई."

"का?"

"फोटो झाला न्हवं?" मावशी म्हणाली. "मला पयल्या बारीला कळलं न्हाय. सगळ्यांस्नी ठावं हुतं, मीच येडी. बायका हसत्यात आता." टोमणा मारावा असं तिच्या मनातही नव्हतं. तिला आपलं अज्ञान गेल्यासारखं वाटत होतं.

दाराशी पाण्याचा हंडा होता, आणि त्यावर झाकण म्हणून पाटी ठेवलेली. शपथ घेऊन सांगावं, मी खरंच शिकवत होते, असं योगिनीच्या ओठांवर आलं. पण अकरा वर्षांच्या फाइली घेऊन कुठल्या तोंडानं सांगणार? ती परत आली. संध्याकाळी रणजितची माणसं हॉलमध्ये लोखंड उतरवत होती.

मार्चअखेरीस तपासणीचे साहेब आले. साक्षरता वर्गाचा, आबांनी काढलेला फोटो बघून ते थांबले. "हा उपक्रम उत्तम आहे. गर्दी चांगली, फलक स्पष्ट." मग त्यांनी मागच्या रांगेवर बोट ठेवलं. चोवीस बायका कॅमेऱ्याकडं बघत होत्या. एक म्हातारी तेवढी मान खाली घालून पाटीवर काहीतरी गिरवत होती.

"हिचा चेहरा आला नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी सगळ्यांना समोर बघायला सांगा."

"हो, साहेब," योगिनी म्हणाली, आणि पुढच्या वर्षीच्या नियोजनात तिनं ते लिहून घेतलं.